मी, माझं घराणं आणि तिसऱ्या बाकावरचा पंखा

माणसं चर्च सोडतात ती मोठमोठ्या कारणांसाठी, असं म्हणतात. कुणाला एखादी शिकवण पटत नाही, कुणाचे पाळकाशी मतभेद होतात, बाप्तिस्म्याला पाणी नेमकं किती लागतं यावरून तर भल्याभल्यांनी तुरुंग पाहिलेत. मी माझ्या बापजाद्यांची मंडळी सोडली ती छताच्या पंख्यावरून. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर तुम्हाला ते दुसऱ्या कुणाकडून कळेल, आणि तो हसत हसत सांगेल.

पंखा तिसऱ्या बाकाच्या बरोब्बर वर. तिसरा बाक आमचा. म्हणजे तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण वडील जन्मभर त्याच बाकावर बसले आणि त्यांच्या कोटाने तिथलं लाकूड गुळगुळीत झालं होतं. मला मानेवर वारं लागलं की शिंका येतात. सभ्य माणसाची एखाददुसरी शिंक नव्हे, एकदा सुरू झाल्या की शेवटच्या आशीर्वादापर्यंत थांबत नाहीत. माझ्या मागच्या बाकावर मंडळीचे खजिनदार. या माणसाला देह देताना देवाने हात आखडता घेतलेला नाही, त्यामुळे त्यांना ऐन थंडीतही घाम फुटतो. मी आल्या आल्या पंखा बंद करायचो, ते आल्या आल्या लावायचे, आणि जो मागाहून येईल तो जिंकायचा. त्यामुळे आम्ही दोघंही उपासनेला उशिरा यायला लागलो.

शेवटी प्रकरण कमिटीपुढे गेलं. कमिटीने पंखा उपसमिती नेमली. उपसमितीने तोडगा काढला की गीतांच्या वेळी पंखा चालू, उपदेशाच्या वेळी बंद आणि प्रार्थनेला दोनवर. पण आमच्या पाळकसाहेबांना उपदेश करता करता मध्येच प्रार्थनेत शिरायची सवय, त्यामुळे बटणापाशी बसवलेल्या माणसाची फार तारांबळ उडायची. मंडळीत वारेवाले आणि बिनवारेवाले असे दोन तट पडले. ज्यांना उभ्या जन्मात शिंक आली नसेल असेही लोक माझ्या बाजूला आले, कारण खजिनदारांशी त्यांचं दुसऱ्याच कशावरून वाकडं होतं.

वार्षिक सभेत खजिनदार उठून म्हणाले की ज्यांना वारं सोसत नाही त्यांनी जागा बदलावी. माझ्या वडिलांची जागा! मी उठलो, हात वर केला, आणि एखाद्या संदेष्ट्याला शोभेल अशा आवाजात म्हणालो, "मी आणि माझं घराणं आजपासून या मंडळीत नाही." आणि ताडताड बाहेर पडलो. बाहेर आल्यावर लक्षात आलं की चष्मा बाकावरच राहिलाय. परत आत जावं लागलं. सगळी सभा गप्प बसून मला चष्मा शोधताना बघत होती. अखेर तो बाकाखालून खजिनदारांनीच उचलून दिला.

खुब्याचं हाड मोडल्यापासून माझी आई पलंग आणि वॉकर यांच्यामध्येच असते. घरी आल्यावर मी तिला सगळा प्रसंग साभिनय सांगितला, चष्मा तेवढा गाळला. तिने नीट ऐकून घेतलं.

"घराण्यात मीही आले का?"

म्हटलं, अर्थातच.

"मग तुझ्या वडिलांशेजारची माझी जागा?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या मंडळीच्या कबरस्तानात फक्त सभासदांनाच पुरतात. वडिलांची कबर अगदी कडेला, भिंतीलगत, आणि तिच्याशेजारी आईसाठी जागा ठेवलेली. हाड मोडायच्या आधी ती तिथे जाऊन बसूनही आलेली होती. दुपारचं ऊन येत नाही, असं समाधानाने सांगायची. ती जागा मी एका वाक्यात घालवून बसलो होतो, तेही तिला न विचारता.

बायको म्हणाली, "अहो, जाऊन माफी मागून टाका की."

मी म्हणालो, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

"तत्त्वाला पुरायला जागा लागत नाही. आईंना लागते."

मी विमा कंपनीत दावे तपासतो. कुठल्याही कागदावर आधी बारीक अक्षरातल्या अटी वाचायच्या, ही माझी आयुष्यभराची सवय. त्यामुळे नवं चर्च शोधायला निघालो तेव्हा मी शिकवण, उपासना, गाणी वगैरे गोष्टी मागे ठेवल्या आणि आधी कबरस्तान पाहायचं ठरवलं. वडिलांपासून जितकं जवळ तितकं चर्च चांगलं, असा माझा साधा हिशोब होता. आता मागे वळून बघितल्यावर कळतं की एखाद्या मंडळीत पहिल्यांदाच आलेला माणूस हात मिळवता मिळवता "आपल्याकडे पुरायची सोय कशी आहे?" असं विचारतो तेव्हा लोक दचकतात.

वडिलांच्या कबरेला लागून जी भिंत आहे तिच्या पलीकडे कॅथलिकांचं कबरस्तान. म्हणून पहिला मान त्यांचा. आई त्यांना घंटावाले म्हणते. चर्च भव्य, छत इतकं उंच की पंख्याचा प्रश्नच नाही, मला तर स्वर्गच वाटला. पण तिथे उठायचं कधी, बसायचं कधी आणि गुडघे कधी टेकायचे हे सगळ्यांना पोटातूनच पाठ. मी शेजारच्या आजोबांकडे बघून करत गेलो. ते मध्येच उठले तसा मीही उठलो, ते बाहेर निघाले तसा मीही मागोमाग निघालो, आणि ते प्रसाधनगृहात गेले तेव्हा मला चूक कळली.

फादर फार प्रेमळ. त्यांनी माझं सगळं ऐकलं, भिंतीची गोष्टही ऐकली. म्हणाले की वर्षभर शिकवणीला या, आईंनाही घरी येऊन शिकवू, आधी श्रद्धा पाहू, मग जागेचं पाहू. शिवाय गावात जमीन कमी, तेव्हा काही वर्षांनी तीच कबर दुसऱ्याला द्यावी लागते, तेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

"म्हणजे भाड्याने," घरी हे सांगितल्यावर आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. आईच्या खोलीतला पंखा भरधाव फिरत होता. आईला थंडी सोसत नाही, तो पंखा वर्षानुवर्षं कुणी लावलेला नाही. मी बायकोला विजेच्या बिलावरून चार शब्द सुनावले. ती "बरं" म्हणाली आणि कपबश्या विसळायला गेली. घरात माणसं तीन आणि कपबश्या बऱ्याच, हे माझ्यातल्या दावे तपासणाऱ्याला खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

आमच्या इमारतीत सल्ल्याला तोटा नाही. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या की सगळे रस्ते शेवटी एकाच ठिकाणी जातात. मी म्हणालो, बाई, ते मान्य, पण माझी अडचण त्या ठिकाणच्या जमिनीची आहे. खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले म्हणाले की नंबर बदलला की सुरुवातीला सगळंच धूसर दिसतं, चष्मा लगेच काढायचा नसतो. हा सल्ला त्यांनी मला इतक्या वेळा दिला की शेवटी मी त्यांच्याकडून नवा चष्मा करून घेतला.

पुढे गप्पवाले. एका शाळेच्या वर्गात जमणारी ही छोटी मंडळी. पाळक नाही, वाजंत्री नाही, सगळे गोलात शांत बसतात आणि ज्याला आतून प्रेरणा होईल तो उठून बोलतो. पंखा होता, पण तो कुणी लावत नव्हतं, कारण त्याचा आवाज होतो. मला भरून आलं. बाक मात्र मुलांचे होते. बसून बसून माझ्या उजव्या पायाला मुंग्या आल्या. पाय झटकायला म्हणून मी हळूच उभा राहिलो, आणि सगळ्यांनी आशेने माझ्याकडे पाहिलं. आता खाली बसणं म्हणजे प्रेरणेचा अपमान. मी बोलायला सुरुवात केली. डोक्यात कबरस्तानाशिवाय दुसरं काही नव्हतं, तेव्हा त्यावरच बोललो. माणूस जन्मभर जागा शोधतो आणि शेवटी त्याला किती थोडी पुरते, वगैरे. दोघीतिघींनी डोळे पुसले. मला पुढच्या रविवारी पुन्हा उठायचा आग्रह झाला.

त्यांच्यातले सगळ्यांत वयस्कर गृहस्थ दारापर्यंत सोडायला आले तेव्हा मी मुद्द्याचं विचारलं. ते म्हणाले, "आमचं स्वतःचं कबरस्तान कुठलं? आमची माणसं तुमच्याच जुन्या मंडळीच्या कबरस्तानात ठेवतात. नियमात बसत नाही, पण तिथले खजिनदार खास परवानगी देतात. फार दयाळू माणूस."

त्या दयाळू माणसाचं नाव ऐकून माझा दुसरा पायही बधिर झाला.

मग टाळीवाले. गाड्या दुरुस्त करतात त्या गॅरेजच्या वर मोठा हॉल, ढोल, गिटार, आणि भिंतीलगत उभे पंखे ओळीने माझ्याच दिशेने तोंड करून. मी शिंकत होतो, पण त्या गजरात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. उलट माझ्यात काहीतरी घडतंय असं समजून पाळकांनी मला पुढे बोलावलं आणि कपाळावर हात ठेवला. तिथे असा हात ठेवला की माणूस मागे कोसळतो, म्हणून मागे दोन धट्टेकट्टे बंधू मला झेलायला हात पसरून उभे. मी काही पडेना. पाळकांनी आवाज वाढवला. बंधूंचे हात भरून आले. त्यांच्याकडे बघून मला इतकी शरम वाटली की मी आपला सावकाश खाली बसलो आणि मग आडवा झालो. लोकांनी जयजयकार केला.

कबरस्तानाचं विचारल्यावर पाळक म्हणाले, "मरणाची भाषा कशाला, ब्रदर? आम्ही घरी येतो. आई चालत चर्चला येतील." आणि ते खरोखर आले, गिटारीसकट. आईच्या पलंगाभोवती उभं राहून त्यांनी मनापासून प्रार्थना केली. मुख्याध्यापिका वरून काय झालं बघायला आल्या, चष्मेवाले खालून आले. शेवटी पाळकांनी आईला विचारलं की देवाकडे काय मागायचं आहे ते मोकळेपणी सांगा. आई म्हणाली, "आवाज थोडा कमी करायला सांगा." तरी ते निघाले तेव्हा तिने त्यातल्या गिटारवाल्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

तोवर बरेच महिने गेले होते. कुठल्याही चर्चच्या दारात उभा राहिलो की आतले सगळे एकमेकांचे आणि मी तेवढा उपरा, असं वाटायचं. प्रार्थनेला डोळे मिटले की समोर कबरस्तानाचा नकाशा यायचा. देवाचं नाव निघालं की मी जमिनीचा विचार करायचो. हे बरं लक्षण नव्हे, हे मला कळत होतं.

शेवटचे बुडवणारे. त्यांचं कबरस्तान वडिलांच्या कबरस्तानासमोर, फक्त रस्ता ओलांडायचा. नियम एकच. सभासद व्हायचं तर मोठेपणी, समजून उमजून, पूर्ण पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यायचा. लहानपणी डोक्यावर शिंपडलेलं पाणी ते धरत नाहीत. मी म्हटलं, रस्त्याच्या पलीकडे का होईना, आई वडिलांच्या समोर तर राहील. मी तयार झालो. व्यासपीठाखाली हौद होता. पाणी बर्फासारखं. मी पांढरा झगा घालून उतरलो, गेलो खाली, आणि वर आलो तो शिंकतच. नवजीवनाची माझी पहिली साक्ष म्हणजे एक लांबलचक शिंक.

कोरडा झाल्यावर विचारलं, आता आईचं नाव घालता ना? पाळक गोंधळले. म्हणाले की आईंना स्वतः यावं लागेल. मी आईचा खुबा सांगितला, वॉकर सांगितला, हौदाच्या पायऱ्या दाखवल्या. आमच्या दोघांच्या वतीने मीच बुडालो असं धरता येईल का, हवं तर आणखी एकदा बुडतो, असंही म्हणालो.

"असं कसं चालेल?" ते मऊ आवाजात म्हणाले. "ज्याचं त्याने यायचं असतं. दुसऱ्याच्या वतीने कुणाला आत येता येत नाही."

सभासदांच्या वहीत सही न करताच मी ताप घेऊन घरी आलो. आईच्या खोलीतला पंखा फिरत होता. या वेळी भांडायचीही ताकद नव्हती. मी उठलो तोवर आईने अंथरूण धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, वय झालं, आता फक्त सोबत बसा.

मग मात्र माझं तत्त्व गळून पडलं. मी जुन्या पाळकसाहेबांच्या दारात जाऊन उभा राहिलो. पंखा लावा, दोन लावा, माझ्या अंगावर रोखून लावा, पण आईला वडिलांशेजारी घ्या, असं म्हणालो.

पाळकसाहेब चकित झाले. "आईंचं नाव कुठे गेलंय? आहे तिथेच आहे."

तुम्ही सभा सोडून गेलात त्यानंतर खजिनदारच उठले, असं त्यांनी सांगितलं. खजिनदार म्हणाले होते, याची आई म्हणजे काय घरातलं कपाट आहे, हा निघाला की बरोबर उचलून न्यायला? त्यांना कुणी विचारलंय का? मग पाळकसाहेब आणि खजिनदार आईला विचारायला घरी आले. तेव्हापासून दर महिन्याला एका रविवारी, उपासना आटोपली की, आईला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस द्यायला येतात. पेल्यांची पिशवी खजिनदार उचलतात. जिना चढून त्यांना फार घाम येतो, म्हणून आईच पंखा लावायला सांगते.

मग विचारलं, "आणि माझं नाव?"

"तुमचा राजीनामा मंजूर झाला. एकमताने."

"वारेवाल्यांचं समजू शकतो. पण आमचे बिनवारेवाले?"

"ठराव त्यांनीच मांडला," पाळकसाहेब म्हणाले. पंख्याच्या प्रकरणापासून मंडळीत दुसरं काहीही एकमताने मंजूर झालेलं नाही, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. ती माझ्या सांत्वनासाठी असावी.

घरी येऊन आईजवळ बसलो. ती जागी होती.

"तुला सगळं ठाऊक होतं?"

"माझं नाव आहे ते. मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल?"

"मग मला का नाही सांगितलंस? बुडून आलो मी, आई."

"सांगितलं असतं तर घरी बसला असतास. रविवारी सकाळी घरात बसलेला तू मला बघवला नसतास." थांबून तिने दम घेतला. "म्हटलं, माझ्या जागेच्या निमित्ताने हिंडतोय तर हिंडू दे. कुठेतरी बसेल."

मी तिची चादर सारखी केली.

"बसलास का कुठे?"

"नाही."

ती छताकडे बघत राहिली. "मग तुझ्या वडिलांना मी काय सांगू?"

मी तिचा हात धरून बसलो. दोनतीन दिवसांनी, पहाट होता होता, ती गेली.

तिच्या दफनविधीला चर्च गच्च भरलं होतं. माझी कुठलीच मंडळी नसल्यामुळे सगळ्याच मंडळ्या आल्या होत्या. फादर आले होते. गप्पवाले एका कोपऱ्यात डोळे मिटून बसले होते. टाळीवाल्यांनी हात खिशात घालून ठेवले होते, आणि तो गिटारवाला तर लहान पोरासारखा रडत होता. बुडवणाऱ्यांच्या पाळकांनी माझ्या तापाची चौकशी केली. मला कुठे बसायचं तेच कळेना. सभासद नसलेल्या माणसाने मागे उभं राहावं, म्हणून मी दाराशी उभा राहिलो. खजिनदारांनी मागे वळून पाहिलं आणि नुसती मान हलवून तिसरा बाक दाखवला. बायको आधीच तिथे बसली होती. मी तिच्याशेजारी वडिलांच्या गुळगुळीत जागेवर जाऊन बसलो.

मी बसलो तसे खजिनदार उठले, बटणापाशी गेले आणि त्यांनी पंखा बंद केला.

पाती हळूहळू थांबली. एवढी माणसं, खिडक्या उंच, बाहेर रखरखीत ऊन. पहिलं गीत संपेपर्यंत लोक गीतांच्या पुस्तकांनी वारा घेऊ लागले. दुसऱ्या गीताला बायकांनी वाऱ्यासाठी पदर हलवायला घेतले. वारेवाले गप्प, बिनवारेवालेही गप्प. माझ्या मागून खजिनदारांचा श्वास ऐकू येत होता, भाता चालावा तसा. मी तिरक्या नजरेने पाहिलं. त्यांच्या सदऱ्यावर कोरडी जागा उरली नव्हती, आणि ते समोर आईच्या पेटीकडे बघत गात होते.

मला ते सहन होईना. पंखा लावा म्हणायचं तर इतक्या वर्षांच्या भांडणानंतर मला तोंड नव्हतं, आणि सूचना मांडायला सभासदत्वही नव्हतं. मी सरळ उठलो. पाळकसाहेब प्रार्थनेत शिरत होते, तरी उठलो. भरल्या चर्चमधून बटणापाशी गेलो आणि पंखा लावला. दोनवर नाही, पाचवर. मग परत येऊन त्याच्या बरोब्बर खाली बसलो.

पहिली शिंक प्रार्थनेच्या मध्यावर आली. मग थांबेचनात. मी तोंड दाबून धरलं, खांदे गदागदा हलायला लागले. सगळ्यांना वाटलं मी हुंदके देतोय. ते खोटं नव्हतं, पण त्यात निम्म्या शिंकाच होत्या. बायकोने पाठीवर हात ठेवला. मागून खजिनदारांनी आपला रुमाल माझ्या खांद्यावरून पुढे केला. तो त्यांच्या घामाने आधीच चिंब झालेला होता. मी तो घेतला आणि नाक शिंकरलं.